सरकारी दप्तरातला अनुकूल कागद

गावात दरोडा पडो वा शहरात खून होवो, घटनास्थळी पहिल्याने पोहोचतात ते पोलीस. जागेचा पंचनामा तेच करतात, रक्ताने माखलेले कपडे, हत्यार, बोटांचे ठसे हा सारा मुद्देमाल तेच जप्त करून मोहोरबंद करतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या तेच नोंदवतात, आणि त्यांतले प्रयोगशाळेकडे काय धाडायचे व काय तसेच ठेवून द्यायचे हा निर्णयही त्यांच्याच हाती असतो. आरोपी त्या वेळी फरारी असतो, कोठडीत असतो, किंवा आपल्यावर असा काही प्रसंग ओढवणार आहे याची त्याला वार्ताही नसते. पुढे वर्षादोन वर्षांनी खटला उभा राहतो, तेव्हा त्याचा वकील कितीही कसबी असला तरी घटनेच्या दुसऱ्या दिवशी कोण काय बोलले याचा शोध घ्यायला त्याने जावे कुठे? साक्षीदारांची आठवण पुसट झालेली असते आणि जागा धुऊन निघालेली असते. त्या दिवसाचे जे काही शिल्लक राहते ते सरकारी दप्तरात, आणि ते दप्तर त्याच्या प्रतिपक्षाच्या ताब्यात.

त्या दप्तरात आरोपीच्या विरुद्ध जे असेल ते न्यायालयापुढे येणार यात शंका नसते. परंतु त्याच दप्तरात एखादी अशी जबानी असली, की जिच्यात साक्षीदाराने भलत्याच माणसाचे वर्णन केले आहे, किंवा प्रयोगशाळेचा असा अहवाल असला, की जो सरकार पक्षाच्या कथेशी जुळत नाही, तर त्याचे काय करायचे? आपल्याच बाजूला मारक ठरणारा कागद आपण होऊन विरोधकाच्या हाती ठेवावा, अशी अपेक्षा सामान्य व्यवहारात कोणी कोणाकडून करीत नाही. सरकारी वकिलाकडून मात्र ती केली जाते, आणि ती करण्याचे कारण असे, की तो कोणा अशिलाचा माणूस नसून राज्यसंस्थेचा प्रतिनिधी असतो. खटला जिंकणे हे त्याचे काम नाही, न्याय होईल एवढे पाहणे हे त्याचे काम आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९३५ सालीच बोलून दाखवले होते. तत्त्व बोलून दाखवणे सोपे असते. त्याचा नियम व्हायला त्या देशात आणखी अठ्ठावीस वर्षे लागली.

तो नियम ज्या खटल्यातून निघाला तो मेरीलँड राज्यातला, १९५८ सालचा. जॉन ब्रेडी नावाचा पंचविशीतला तरुण आणि त्याचा एक साथीदार यांनी बँक लुटण्याचा बेत केला, त्यासाठी मोटार हवी म्हणून ब्रेडीच्या ओळखीच्याच एका गृहस्थाची नवी कोरी गाडी हिसकावून घेतली, आणि त्या प्रकरणात त्या गृहस्थाचा गळा आवळून खून झाला. ब्रेडीने पिंजऱ्यात उभे राहून आपला सहभाग कबूल केला. त्याचे म्हणणे एवढेच होते की प्रत्यक्ष गळा आवळला तो साथीदाराने. त्याच्या वकिलानेही ज्यूरीपुढे गुन्हा नाकारला नाही, फक्त देहदंड देऊ नका अशी विनवणी केली. साथीदाराने पोलिसांपुढे दिलेल्या जबान्या पाहायला मिळाव्यात अशी मागणी त्याने खटल्यापूर्वीच केली होती, आणि त्यांतल्या काही त्याला दाखवण्यातही आल्या. परंतु ९ जुलै १९५८ ची एक जबानी, जिच्यात साथीदाराने प्रत्यक्ष जीव घेणारे हात आपलेच होते असे सांगून टाकले होते, ती तेवढी दाखवली गेली नाही. ब्रेडीला देहदंड ठोठावण्यात आला, तो अपिलात कायम झाला, आणि नंतर ती जबानी उजेडात आली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व १३ मे १९६३ रोजी न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निकालपत्र वाचले. आरोपीने मागितलेला, त्याला अनुकूल असलेला आणि अपराधाच्या किंवा शिक्षेच्या निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला पुरावा सरकार पक्षाने दडपला, तर राज्यघटनेने हमी दिलेल्या विधियुक्त प्रक्रियेचा भंग होतो, आणि तो बुद्ध्या दडवला की नजरचुकीने राहिला हा प्रश्न तेथे गैरलागू आहे, असा तो निर्णय होता. यातला शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. न्यायालयाने सरकारी वकिलाच्या अंतःकरणाची झडती घेण्याचे नाकारले. अन्याय होतो तो कागद न मिळाल्याने, तो न देणाऱ्याच्या मनात पाप होते की केवळ आळस होता याने कोठडीतल्या माणसाच्या स्थितीत काडीचाही फरक पडत नाही. खुद्द ब्रेडीच्या पदरात पडले ते मात्र थोडकेच. त्याचा अपराध कायम राहिला आणि फेरसुनावणी मंजूर झाली ती केवळ शिक्षेपुरती. आज अमेरिकेतल्या फौजदारी न्यायालयांत वकील ‘ब्रेडीचे कागद’ मागतात, तेव्हा ज्याचे नाव आपण घेतो तो निर्दोष नव्हता ही गोष्ट त्यांतल्या पुष्कळांना ठाऊकही नसावी.

पुढल्या तीस-बत्तीस वर्षांत या नियमाचा विस्तार होत गेला. साक्षीदाराच्या विश्वसनीयतेला बाध आणणारी माहिती, उदाहरणार्थ त्याला दिलेले माफीचे आश्वासन, हीदेखील उघड केली पाहिजे, असे १९७२ मध्ये ठरले. पोलिसांना ठाऊक होते पण मला कोणी सांगितले नाही ही सबब सरकारी वकिलाला सांगता येणार नाही, कारण तपासयंत्रणेकडे काय आहे हे विचारून घेणे हेही त्याचेच काम, असे १९९५ मध्ये ठरले. वाचताना वाटावे की आता पळवाट उरली नाही. पण पळवाट नियमाच्या पोटातच होती, आणि ती ‘महत्त्वाचा’ या अटीत होती. दिला न गेलेला पुरावा दिला असता तर निकाल वेगळा लागण्याचा वाजवी संभव होता काय, ही १९८५ साली निश्चित झालेली कसोटी अपील न्यायालयाला ठीक आहे. त्याच्यापुढे संपूर्ण खटल्याचे कागद असतात, निकाल असतो, दडवलेला पुरावाही असतो. परंतु खटला उभा राहण्यापूर्वी आपल्या टेबलाशी बसून, अजून न झालेल्या साक्षींचा आणि अजून न लागलेल्या निकालाचा अंदाज बांधून, हा कागद देण्याइतका महत्त्वाचा आहे की नाही हे ज्याने ठरवायचे, तो कोण? तर ज्याने आरोपी अपराधी आहे असे मनाशी पक्के केले आहे आणि म्हणूनच जो खटला चालवीत आहे, तोच. अशा माणसाला विसंगत अहवाल हा प्रयोगशाळेची चूक वाटतो, विसंगत जबानी हा साक्षीदाराचा गोंधळ वाटतो. तो खोटेपणा करीत नसतो, त्याची खात्रीच त्याला आंधळे करते. लबाड सरकारी वकील कधीमधी पकडला तरी जातो. प्रामाणिक आणि खात्री झालेला सरकारी वकील हाच या नियमाचा अवघड भाग आहे.

अर्थात सगळेच प्रामाणिक नसतात, आणि याचे जे उदाहरण न्यू ऑर्लिन्स शहरात घडले ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे. १९८४ च्या डिसेंबरात तेथे एका हॉटेल-व्यावसायिकाचा खून झाला व त्या आरोपावरून जॉन थॉम्पसन या तरुणाला पकडण्यात आले; वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र छापून आल्यावर, लुटीच्या प्रयत्नाचा एक वेगळाच गुन्हाही त्याच्याच नावावर लागला. या दुसऱ्या गुन्ह्यात झटापट झाली होती आणि हल्लेखोराचे रक्त एका फिर्यादीच्या विजारीवर सांडले होते. पोलिसांनी त्या विजारीचा रक्ताळलेला तुकडा कापून प्रयोगशाळेकडे पाठवला. खटला सुरू होण्यास दोन दिवस असताना अहवाल आला, की हे रक्त ‘बी’ गटाचे आहे. थॉम्पसनचा रक्तगट ‘ओ’ होता. पण तो कोणी तपासून पाहिला नाही, कारण अहवाल बचाव पक्षाला दाखवलाच नाही. खटल्याच्या दिवशी तो कापडाचा तुकडा मुद्देमालाच्या खोलीतून एका सरकारी वकिलाने सही करून बाहेर काढला आणि तो पुन्हा त्या खोलीत कधीच आला नाही. थॉम्पसन लुटीच्या गुन्ह्यात दोषी ठरला. त्यानंतर खुनाचा खटला चालला, तेव्हा आपण पिंजऱ्यात उभे राहिलो तर ही ताजी शिक्षा उलटतपासणीत बाहेर काढतील या भयाने तो स्वतःच्या बचावासाठी बोललाच नाही, आणि त्याला देहदंड झाला.

चौदा वर्षे तो मृत्युकोठडीत होता. मधल्या काळात, तो तुकडा दडवणाऱ्या वकिलाला असाध्य कर्करोग झाला असता त्याने १९९४ मध्ये एका सहकाऱ्याजवळ आपले कृत्य कबूल केले. तो सहकारीही पाच वर्षे गप्प राहिला. थॉम्पसनच्या देहदंडाची तारीख २० मे १९९९ ठरली होती. तिच्या महिनाभर आधी त्याच्या वकिलांनी नेमलेल्या खासगी तपासनिसाला प्रयोगशाळेच्या जुन्या दप्तरात, सूक्ष्मचित्रफितीवर उतरवलेल्या कागदांत, तो अहवाल सापडला. लुटीची शिक्षा रद्द झाली, पुढे खुनाचीही रद्द झाली, आणि २००३ मध्ये खुनाचा खटला नव्याने चालला तेव्हा ज्यूरीने त्याला अवघ्या पस्तीस मिनिटांत निर्दोष ठरवले. अठरा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल त्याने सरकारी वकिलांच्या कार्यालयावर दावा लावला. ज्यूरीने एक कोटी चाळीस लाख डॉलर देवविले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो हुकूम रद्द केला. सरकारी वकिलावर व्यक्तिशः भरपाईचा दावा चालत नाही हे १९७६ पासून ठरलेलेच होते; आता त्यांच्या कार्यालयाविरुद्धही, केवळ एका घटनेवरून, वकिलांना या कर्तव्याचे शिक्षण न दिल्याचा दोष सिद्ध होत नाही असे बहुमताने ठरवले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपले भिन्नमत न्यायासनावरून मोठ्याने वाचून दाखवले, आणि ही प्रथा तेथे न्यायाधीश फार क्वचित पाळतात. नियम मोडल्याची जबाबदारी अखेर कोणाच्या पदरात टाकायची या प्रश्नाला त्या निकालाने दिलेले व्यावहारिक उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असे होते. कायद्याच्या भाषेत ते कितीही सुसंगत असो, मला ते पटत नाही.

टेक्सस राज्यात थोडी निराळी गोष्ट घडली. तेथे मायकेल मॉर्टन या गृहस्थाला पत्नीच्या खुनाबद्दल १९८७ मध्ये जन्मठेप झाली. त्याच्या तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितले होते की आईला मारले ते एका राक्षसाने आणि तेव्हा बाबा घरी नव्हते. शेजाऱ्यांनी एक हिरवी गाडी घराच्या आसपास घुटमळताना पाहिल्याचे पोलिसांना कळवले होते. हे दोन्ही कागद दप्तरात राहिले आणि मॉर्टन जवळजवळ पंचवीस वर्षे तुरुंगात राहिला. घराजवळ सापडलेल्या एका रुमालावरच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली तेव्हा २०११ मध्ये तो सुटला आणि खरा खुनीही पकडला गेला. मॉर्टनवर खटला चालवणारा सरकारी वकील दरम्यान न्यायाधीश झालेला होता. २०१३ मध्ये त्याला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दहा दिवसांची कैद झाली व वकिलीची सनद सोडावी लागली. पंचवीस वर्षे आणि दहा दिवस, हा हिशेब वाचकांनी आपापल्या परीने करावा. पण टेक्ससच्या विधिमंडळाने त्याच वर्षी मॉर्टनच्या नावाने जो कायदा केला त्यात शहाणपण होते. कागद महत्त्वाचा आहे की नाही हे ठरवण्याचे काम त्याने सरकारी वकिलाकडून काढूनच घेतले आणि दप्तर बचाव पक्षाला मागणीप्रमाणे खुले करण्याचा दंडक घातला. नॉर्थ कॅरोलायना राज्याने हा मार्ग २००४ मध्येच धरला होता.

अमेरिकेत निर्दोष सुटलेल्या बंदिवानांची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. तिच्यातल्या पहिल्या २,४०० प्रकरणांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४४ टक्के प्रकरणांत अनुकूल पुरावा दडपलेला आढळला. हा सगळा हिशेब उघडकीस आलेल्या प्रकरणांचा आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता कोणी म्हणेल की ही दूरदेशीची कथा. म्हणून जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातली एक कथा सांगणे प्राप्त आहे. २००३ च्या जूनमध्ये तेथे शेतातल्या एका वस्तीवर रात्री दरोडा पडला, पाच जणांची हत्या झाली आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांवर खटला झाला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. म्हणजे देशातल्या तीन पायऱ्यांच्या न्यायालयांनी हा पुरावा चाळला आणि तो पुरेसा ठरवला. त्यानंतर पुनर्विचाराच्या याचिकेवर ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. निकालपत्र वाचताना एक गोष्ट मनात रुतून बसते. त्या रात्रीतून वाचलेल्या एका स्त्री साक्षीदाराला घटनेनंतर एकदोन दिवसांतच पोलिसांनी आपल्या दप्तरातल्या सराईत गुन्हेगारांची छायाचित्रे दाखवली होती, आणि तिने त्यांतले चार चेहरे ओळखले होते. ते चार जण या सहांपैकी नव्हते. त्या चौघांवर दोषारोप ठेवला गेला नाही आणि तिचा तो जबाब सरकार पक्षाने न्यायालयापुढे आणला नाही. न्यायालयाने यावर कठोर ताशेरे ओढले, दोषी अधिकाऱ्यांना हुडकून कारवाई करण्यास सांगितले, आणि महाराष्ट्र सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी असा हुकूम केला. सोळा वर्षे तो जबाब कोठे होता? दप्तरात होता.

आपल्या कायद्याची रचनाच अशी की तो तेथेच राहावा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही, आरोपीला नकला द्यायला सांगितले आहे खरे, नव्या संहितेने त्याला चौदा दिवसांची मुदतही घातली आहे. पण नकला कशाच्या, तर मुख्यतः सरकार पक्ष ज्या कागदांवर विसंबून आहे आणि ज्यांना तो साक्षीला बोलावणार आहे त्यांच्या जबान्यांच्या. ज्यावर तो विसंबून नाही तो कागद आपोआप या यादीबाहेर पडतो, आणि अनुकूल कागद हा स्वभावतःच विसंबून न राहण्याच्या जातीचा. न्यायालयाला अर्ज करून हवा तो कागद मागवता येतो हे खरे. परंतु आरोपनिश्चितीच्या टप्प्यावर बचावासाठी असे कागद मागवण्याचा हक्क सामान्यतः आरोपीला नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे, आणि तपासाची रोजनिशी तर त्याला पाहायलाच मिळत नाही. शिवाय जो कागद अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, त्याची मागणी करणारा अर्ज कोणता वकील लिहील?

सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाला उपदेश पुष्कळ केला आहे. आरोपीला मिळण्याजोगा एखादा वाजवी लाभ त्याच्या वकिलाच्या नजरेतून सुटला, तरी सरकारी वकिलाने तो स्वतः पुढे आणून द्यावा, असे १९९९ च्या एका निकालात आहे. दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्याच्या २०१० च्या निकालात खुलेपणाच्या या कर्तव्याची व्याप्ती वाढवली, पण काय उघड करायचे हे ठरवताना सरकारी वकिलाच्या मताला तेथेही मोठी जागा राहिली. म्हणजे अमेरिकेतली जुनी अडचण आपण नव्याने दारात आणली. खरी पायरी चढली गेली ती २० एप्रिल २०२१ रोजी. फौजदारी खटल्यांतल्या उणिवांबाबत स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मसुदा नियमांना मान्यता देऊन सर्व उच्च न्यायालयांना ते सहा महिन्यांत लागू करण्यास सांगितले, आणि त्यांत अशी एक तरतूद होती, की तपास अधिकाऱ्याने ज्यांवर भिस्त ठेवलेली नाही अशा जबान्या, दस्तऐवज आणि वस्तू यांची यादी आरोपीला द्यावी. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका फाशीच्या प्रकरणात न्यायालयाने हे सर्व फौजदारी खटल्यांत नियम म्हणून पाळले जावे असे स्पष्ट केले, आणि मे २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या खटल्यांनाही तेच लागू केले.

वरवर पाहता ही अगदी मामुली सुधारणा वाटेल. कागद देत नाहीत, नुसती यादी देतात. पण माझ्या मते या यादीत टेक्ससच्या कायद्याचे निम्मे बळ आहे, कारण यादी करताना महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय हे कोणी ठरवायचे नसते. जे आहे ते लिहायचे असते. भोकरदनच्या खटल्यात ‘साक्षीदाराला छायाचित्रे दाखवल्याचा जबाब’ एवढी एक ओळ बचावाच्या वकिलाच्या हाती २००४-०५ मध्ये पडली असती, तर त्याने पहिला अर्ज कशाचा केला असता हे सांगायला नको.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. आपल्याकडे साक्षीदार फितवले जातात, धमकावले जातात. बलात्काराच्या खटल्यात पीडितेची खासगी माहिती दप्तरात असते. आणि धनवान आरोपी प्रत्येक कागदासाठी अर्ज करून खटला वर्षानुवर्षे तहकूब ठेवू शकतो. यांतल्या पहिल्या दोहोंवर इलाज न्यायाधीशाच्या हाती आहे: नाव झाकून नक्कल देता येते, कारण नोंदवून नक्कल नाकारताही येते. तिसऱ्याचा इलाज यादी सुरुवातीलाच देणे हाच आहे. उशीर होतो तो कागद उशिरा मिळाल्याने. मला खरी चिंता वाटते ती निराळीच. यादी करणारा हात पुन्हा तपास अधिकाऱ्याचाच आहे, आणि गृहखात्याच्या वार्षिक अहवालांत दोषसिद्धीचे प्रमाण किती टक्क्यांनी वाढले हे अभिमानाने छापले जाते, तर आरोपीला अनुकूल असे किती कागद स्वतःहून दिले याचा रकाना त्यांत मी अजून पाहिलेला नाही. ज्या कामाची मोजदाद होत नाही ते काम मागे पडते. यादी अपुरी निघाली तर ती करणाऱ्याला जाब विचारण्याची सोय नियमांतच असावयास हवी होती.

तोवर एवढे करता येईल. आपल्या आप्तांपैकी, शेजाऱ्यांपैकी कोणावर किंवा गावातल्या एखाद्या अनाथ माणसावर फौजदारी खटला झाला आणि दोषारोपपत्राचा गठ्ठा हाती आला, तर वकिलाला पहिल्याच तारखेला विचारावे, की सरकार पक्ष ज्यांवर विसंबून नाही त्या कागदांची यादी मिळाली काय. मिळाली नसेल तर त्यासाठी लेखी अर्ज द्यायला लावावा आणि त्यावर न्यायालयाचा हुकूम रोजनाम्यात नोंदवून घ्यावा.